ताऱ्यांची मुदत ठेव आणि न दिसणारी पेन्शन

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या नानांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. जेवणं उरकल्यावर माझ्या भाच्यानं मोबाइलवरची एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, की आकाशगंगेच्या मध्याजवळचे काही तारे डार्क मॅटरवर जगतात आणि म्हणून ते म्हातारेच होत नाहीत. नाना चाळीस वर्षं बँकेत होते. हिशेब केल्याशिवाय कुठलीच गोष्ट मानत नाहीत. त्यांनी लगेच विचारलं, "मग आपल्या सूर्याला हे का मिळत नाही?" घरात पंचवीस माणसं होती, कुणालाच सांगता आलं नाही. तुम्ही लिहिलंत तर मी त्यांना वाचून दाखवीन, बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही.
(एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : नानांना आधी माझा नमस्कार सांगा. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसानं सूर्याच्या म्हातारपणाची चौकशी करावी, याचा मला फार आनंद झाला. तुम्ही वाचून दाखवणार आहात म्हणून बोलल्यासारखंच लिहिते.

बँकेतल्या माणसाला हा विषय सांगणं सोपं आहे, कारण ताऱ्याचं वय वाढणं हा सगळा जमाखर्चच आहे. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य जन्मला तेव्हा त्याच्या पोटात हायड्रोजनची एक मोठी मुदत ठेव होती. तिच्यात नवी भर पडत नाही. दर सेकंदाला तो त्यातला साधारण ६० कोटी टन हायड्रोजन मोडतो, त्याचं हेलियम होतं, आणि या व्यवहारात सुमारे ४० लाख टन वस्तुमान नाहीसं होऊन त्याची ऊर्जा होते. सकाळी नानांच्या गॅलरीत येणारं कोवळं ऊन त्यातूनच आलेलं असतं. या वेगानं ठेव साधारण १,००० कोटी वर्षं पुरते, म्हणजे सूर्य आत्ता जेमतेम निम्म्या वाटेवर आहे.

ताऱ्याला काटकसर करता येत नाही. त्याचं स्वतःचं वजन त्याला सतत आत दाबत असतं, आणि आतल्या उष्णतेच्या जोरावरच तो उभा असतो. जेवढा तारा जड, तेवढा त्याचा खर्च मोठा. दहा सूर्यांच्या वजनाचा तारा ठेवही मोठी घेऊन येतो, पण दोन-तीन कोटी वर्षांत ती उडवून बसतो. आर्द्रा आणि ज्येष्ठा हे दोन तांबूस तारे नानांनी पाहिलेले असणारच. दोघेही फुगलेले, उतारवयाला लागलेले. पण वर्षं मोजली तर ते एक कोटीच्या आसपास, सूर्यापुढे अगदी कालची पोरं. तारा म्हातारा झाला की नाही हे वर्षांवर ठरत नाही, पोटातली ठेव किती उरली यावर ठरतं. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आक्रसतो, बाहेरचे थर फुगतात आणि तारा तांबडा होतो. त्याला आपण ताऱ्याचं म्हातारपण म्हणतो.

आता डार्क मॅटर. मराठीत त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण मला तो थोडा फसवा वाटतो. काजळी काळी असते म्हणूनच ती समईवर दिसते. हे द्रव्य काळं नाही, ते आरपार आहे. प्रकाश त्याच्यातून निघून जातो, न अडता, न विखुरता. आपल्याला कळतं ते फक्त त्याचं वजन. तुम्ही-आम्ही, पर्वती, सूर्य, सगळे तारे आणि सगळा वायू असं मिळून विश्वात जेवढं साधं द्रव्य आहे, त्याच्या पाचपटीहून जास्त हे न दिसणारं द्रव्य आहे. ते कशाचं बनलंय हे अजून कुणाला सापडलेलं नाही. बऱ्याच शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की ते कणांचं असावं आणि ते कण साध्या अणूला क्वचितच धडकत असावेत.

असा एखादा कण ताऱ्यातून जाताना एखाद्या अणुकेंद्राला धडकला, तर त्याचा वेग थोडा उतरतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून निसटायला सेकंदाला ६१८ किलोमीटर वेग लागतो. धडकेनंतर वेग त्याच्या खाली आला, की कण आतच अडकला. मग पुन्हा पुन्हा धडकत तो गाभ्यात जाऊन बसतो. असे पुष्कळ कण जमले आणि, काही सिद्धांतांत म्हटल्याप्रमाणे, दोन कण भेटताच एकमेकांना संपवून त्यांची ऊर्जा होत असेल, तर ताऱ्याला घरबसल्या एक बाहेरची आवक सुरू झाली. पेन्शनच म्हणा ना.

पुढचा भाग सावकाश वाचून दाखवा, कारण वर्गात दरवर्षी मुलं इथेच अडायची. पातेल्याखालची आच वाढवली की पातेलं तापतं. तारा तसा वागत नाही. त्याच्या पोटात जास्तीची उष्णता घातली की तो फुगतो. फुगला की मधल्या भागावरचा भार हलका होतो आणि गाभा चक्क थंड होतो. गाभा जरासा थंड झाला, की हायड्रोजन मोडण्याचा वेग एकदम उतरतो. म्हणजे बाहेरून पैसे यायला लागले, की तारा आपली ठेव मोडणं आपोआप कमी करतो, कुणी सांगावं लागत नाही. पेन्शन खर्चाइतकी असली तर ठेवीला हातच लागत नाही, आणि ठेव शाबूत तोवर म्हातारपण लांबलं. बातमीतल्या "म्हातारे न होणाऱ्या" ताऱ्यांमागचा विचार हा असा आहे.

आता नानांचा प्रश्न : सूर्याला ही पेन्शन का नाही? मी परवा संध्याकाळी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब केला, तो जसाच्या तसा देते. आपल्या परिसरात डार्क मॅटर इतकं विरळ आहे, की तीन घन सेंटिमीटर जागेत, म्हणजे अर्धा चमचाभर पाणी मावेल एवढ्या जागेत, त्याचं वजन साधारण एका हायड्रोजन अणूइतकं भरतं. सूर्य आकाशगंगेभोवती फिरताना सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगानं या विरळ ढगातून जातो. त्याचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचे कणही ओढून घेतं, त्यामुळे त्याच्या आकाराच्या मानानं पाचेक पट जास्त कण त्याला मिळतात. मी अगदी सढळ हातानं धरलं, की त्यातला प्रत्येक कण अडकला, एकही निसटला नाही, आणि त्या सगळ्यांची ऊर्जा झाली. तरीही उत्तर काय आलं? ज्या घराचा महिन्याचा खर्च दहा लाख रुपये आहे, त्या घरात पेन्शन आली तीस-चाळीस पैसे. आणि खरं तर बहुतेक कण आरपार निघूनच जातात, म्हणजे तेवढेही नाहीत. नाना, आपला सूर्य स्वतःच्या ठेवीवरच जगतो आणि तसाच म्हातारा होणार.

पण हाच हिशेब आकाशगंगेच्या मध्याशी करून बघा. तो मध्य आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं लांब आहे आणि तिथे ४० लाख सूर्यांहून जड असं कृष्णविवर बसलंय. आकाशगंगेतलं डार्क मॅटर मध्याकडे दाट होत जातं असं मानलं, तर कृष्णविवराच्या अगदी शेजारी ते आपल्याकडच्यापेक्षा दहा लाख पटीच्या घरात जाऊ शकतं. चाळीस पैशांना दहा लाखांनी गुणा. चार लाख रुपये झाले. दहा लाख खर्चाच्या घरात चार लाख ही काही नगण्य रक्कम नव्हे.

आणि नेमक्या तिथल्याच ताऱ्यांचं एक जुनं कोडं आहे. एस-टू नावाचा एक तारा त्या कृष्णविवराभोवती १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची वाट वर्षानुवर्षं मोजूनच कृष्णविवराचं वजन निघालं, आणि त्यासाठी राइनहार्ट गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पुरस्काराचा निम्मा वाटा मिळाला. पण हे तारे तिथे दिसायला नकोत इतके तरुण दिसतात. एवढ्या ओढाताणीत वायूचा ढग टिकतच नाही, मग तारा जन्मेल कसा? २०२४ मध्ये इझाबेल जॉन, रेबेका लीन आणि टिम लिंडेन यांनी गणित करून दाखवलं, की पुरेसं दाट डार्क मॅटर मिळालं तर असे तारे ठेव जवळजवळ न मोडता अनिश्चित काळ तसेच राहू शकतात. भाच्यानं वाचली ती बातमी बहुधा याच कामाची.

माझं मत विचाराल, तर शक्यता खरी आहे, पण तिला अजून पुरावा म्हणू नये. हे तारे लांबून आले असतील. जोडीतला एक तारा कृष्णविवरानं ओढून घेतला आणि दुसरा भिरकावला, असंही होतं, आणि ते स्पष्टीकरण जास्त साधं आहे. तारुण्याचं कारण पेन्शन, की मुळात ते नुकतेच राहायला आलेत, हे त्या भागातल्या पुष्कळ ताऱ्यांची तेजस्विता आणि तापमान एकाच आलेखावर मांडूनच ठरेल. पेन्शनवर जगणाऱ्या ताऱ्यांची त्या आलेखावर वेगळी ओळ उमटायला हवी.


प्रश्न : आजी, डार्क मॅटर आमच्या घरातपण आहे का? मला ते पकडता येईल का?
(इयत्ता सहावी, चिंचवड)

उत्तर : आहे. आत्ता तू हे वाचतोयस तेव्हाही ते भिंतीतून, तुझ्यातून आणि पुस्तकातून आरपार जातंय. पण किती, ते ऐक. अख्ख्या पृथ्वीच्या आकाराएवढ्या जागेतलं सगळं डार्क मॅटर एका वेळी गोळा करून तराजूत टाकलं, तर अर्धा ते पाऊण किलो भरेल. मंडईत आई घेते ना, तेवढी भेंडी. पृथ्वीएवढ्या जागेत पसरलेली अर्धा किलो भेंडी तुझ्या खोलीत हाताला लागणार नाही. पकडायचा प्रयत्न मात्र मोठी माणसं खरोखर करतायत, त्याचं पुढच्या उत्तरात आहे, ते बाबांकडून वाचून घे.


प्रश्न : मॅडम, मी निवृत्त अभियंता आहे. जे दिसत नाही, चाळीस वर्षं शोधून सापडत नाही, त्याच्यावर ताऱ्यांचं म्हातारपण लादायचं, हे मला भुताखेतांच्या गोष्टींसारखं वाटतं. तुम्ही स्वतः याकडे कसं बघता?
(एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : तुमचा प्रश्न मला आवडला, आणि माझ्याकडे त्याचं जे उत्तर आहे ते माझ्याच एका वहीत आहे.

१९८६ साली मी इथे पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. परदेशी जर्नल्स तेव्हा महिनोन्‌महिने उशिरा यायची, आणि झेरॉक्सला पैसे पडायचे म्हणून महत्त्वाचा लेख आम्ही हातानं उतरवून घ्यायचो. त्या वेळी सूर्याचं एक मोठं कोडं सुटलेलं नव्हतं. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या होमस्टेक नावाच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटर, रे डेव्हिस यांनी पावणेचार लाख लिटरहून मोठी टाकी भरून ठेवली होती. टाकीत काय होतं, तर परक्लोरोइथिलीन, कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात तो द्रव. माझा लग्नातला शालू लाँड्रीतून घरी आला आणि घडी उलगडली, की तो गोडसर, नाकात चढणारा वास अजूनही मला त्या टाकीपाशी नेऊन सोडतो. सूर्याच्या गाभ्यातून निघालेल्या न्यूट्रिनोनं, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडता जाणाऱ्या इवल्याशा कणानं, त्या द्रवातल्या क्लोरीनच्या एखाद्या अणूला गाठलं, की त्याचा आर्गॉनचा अणू व्हायचा. डेव्हिस दर दोन-तीन महिन्यांनी एवढ्या मोठ्या टाकीतून आर्गॉनचे मोजके काही अणू काढून मोजत. वर्षामागून वर्षं आकडा एकच यायचा : हिशेबानं यायला हवेत त्याच्या एक तृतीयांशच न्यूट्रिनो येत होते.

१९८५ मध्ये डेव्हिड स्पर्गेल आणि विल्यम प्रेस यांनी एक विचार मांडला, आणि जॉन फॉकनर व रोनाल्ड गिलिलँड यांनीही तसाच. सूर्यात अडकलेले डार्क मॅटरचे कण गाभ्यात फिरता फिरता तिथली उष्णता उचलून थोडी बाहेरच्या बाजूला नेऊन टाकत असतील तर? गाभा काही टक्के थंड होईल. डेव्हिस मोजत होते ते न्यूट्रिनो तापमानाला इतके हळवे असतात, की तेवढ्यानं त्यांची संख्या एक तृतीयांशावर येईल. आधी लिहिलेल्या पेन्शनसारखा हा प्रकार नव्हे. इथे कण एकमेकांना संपवत नाहीत, नुसती उष्णतेची ने-आण करतात. म्हणून थोडे कणही पुरतात.

मी तो लेख हिरव्या शाईनं उतरवून घेतला. दोन कुलपांना एकच किल्ली लागावी तसं वाटलं मला. आकाशगंगांतलं न दिसणारं वजन आणि सूर्याचे हरवलेले न्यूट्रिनो, दोन्ही एकदम! विभागात त्यावर सेमिनार दिला तेव्हा माझा आवाज थरथरत होता, घाबरून नव्हे, आनंदानं.

आणि ते खोटं निघालं. सूर्याचा पृष्ठभाग दर पाच मिनिटांच्या आसपास धपापतो, घंटेसारखा. घंटेच्या आवाजावरून तिच्यात तडा आहे का कळतं, तसं या कंपनांवरून सूर्याच्या पोटातलं तापमान आणि घनता काढता येते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी या विषयात मोलाचं काम केलं. उदयपूरच्या सौर वेधशाळेत जागतिक साखळीतली एक दुर्बीण १९९५ पासून हीच कंपनं मोजते. या मोजणीतून दिसलं, की सूर्याचं पोट नेहमीच्या गणिताशी अगदी जवळून जुळतंय, तिथे काही टक्क्यांच्या थंडाव्याला जागाच नाही. मग २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत, १,००० टन जड पाण्याच्या प्रयोगानं दाखवलं, की न्यूट्रिनो हरवले नव्हतेच. वाटेत त्यांनी रूप बदललं होतं, आणि डेव्हिस यांची टाकी एकच रूप ओळखत होती. डेव्हिस यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं आणि सडबरीच्या आर्थर मॅकडोनल्ड यांना २०१५ मध्ये, जपानच्या ताकाकी काजिता यांच्याबरोबर.

मला वाईट वाटलं होतं. एवढी देखणी कल्पना गेली म्हणून दोन दिवस चैन पडलं नव्हतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. भुताची गोष्ट कधी हरत नाही. कुणाला दिसलं नाही तर अमावास्या नव्हती म्हणतात. ही गोष्ट आकड्यांनिशी सांगितली होती, म्हणून आकड्यांनिशी हरली. आणि हरताना एक माहिती देऊन गेली : सूर्याचा गाभा थंड करील अशा प्रकारचं डार्क मॅटर निसर्गात नाही. ज्या वजनाचे आणि ज्या ताकदीनं धडकणारे कण तसं करू शकले असते, ते यादीतून कापले गेले. सूर्य वेळेवर म्हातारा होतोय, हाच त्याविरुद्धचा पुरावा.

शोध अजून चालू आहे, आणि तो कुठे, हे ऐकून तुम्हालाही बरं वाटेल. त्याच होमस्टेकच्या खाणीत, डेव्हिस यांची टाकी होती त्याच गुहेत, आज सुमारे दहा टन द्रवरूप झेनॉन भरलेलं यंत्र डार्क मॅटरच्या एका धडकेची वाट बघत बसलंय. ती धडक अजून मिळालेली नाही. मात्र २०२४ मध्ये अशाच दोन यंत्रांना, इटलीतल्या आणि चीनमधल्या, सूर्याच्या त्याच न्यूट्रिनोंच्या पहिल्या खुणा दिसल्या. ज्यांच्यासाठी डेव्हिस तीस वर्षं खाणीत उतरत राहिले, ते आता डार्क मॅटरच्या जाळ्यात आपणहून येऊ लागलेत.


प्रश्न : डार्क मॅटरमुळे ताऱ्याचं आयुष्य कमीही होऊ शकतं का? अ‍ॅक्सिऑनबद्दल वाचलं, पण नीट समजलं नाही. आणि "डार्क स्टार" म्हणजे काय?
(एम.एस्सी. प्रथम वर्ष, औंध)

उत्तर : हो, आणि तुझ्यासाठी हा भाग सगळ्यात कामाचा आहे. अ‍ॅक्सिऑन हा डार्क मॅटरसाठी सुचवलेला एक अतिशय हलका कण. तो असेल, तर तो ताऱ्याच्या तापलेल्या गाभ्यात नव्यानं तयारही होईल, आणि कुठेही न अडता ऊर्जा घेऊन बाहेर पळेल. म्हणजे ही पेन्शनच्या उलट गोष्ट झाली, खात्यातून गुपचूप पैसे जातायत. गळती भरून काढायला तारा आक्रसतो, गाभा आणखी तापतो आणि ठेव भराभर मोडली जाते.

हे मोजायचं कसं? एका ताऱ्याकडे बघत बसून कोट्यवधी वर्षांचा हिशेब लागणार नाही. म्हणून डोकी मोजायची. फर्ग्युसन रस्त्यावर दिसणाऱ्या पदवीच्या मुलांचा विचार कर. अभ्यासक्रम तीन वर्षांऐवजी एकाच वर्षात संपायला लागला, प्रवेश मात्र तेवढेच राहिले, तर रस्त्यावर मुलं एक तृतीयांश दिसतील. आयुष्याचा जो टप्पा लवकर उरकतो, त्यातली माणसं कमी दिसतात. गोल तारकागुच्छात लाखो तारे एकाच सुमारास जन्मलेले असतात. त्यांच्यातले तांबडे राक्षसी तारे किती आणि पोटात हेलियम जाळणारे त्यांच्या पुढच्या टप्प्यातले किती, याचं गुणोत्तर काढायचं. अ‍ॅक्सिऑनची गळती मोठी असेल तर दुसऱ्या टप्प्यातले तारे कमी भरतील. २०१४ मध्ये ३९ तारकागुच्छांतली अशी शिरगणती वापरून संशोधकांनी अ‍ॅक्सिऑन आणि प्रकाश यांच्यातल्या नात्याला वरची मर्यादा घातली. तेव्हा कुठलाही प्रवेगक लागला नाही, म्हाताऱ्या ताऱ्यांची मोजदाद पुरली.

दुसरं उदाहरण माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातलं. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या छोट्या आकाशगंगेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले. पुण्याहून तो तारा दिसण्यासारखा नव्हता, इतका दक्षिणेला. जपान, अमेरिका आणि रशिया इथल्या तीन यंत्रांत मिळून २४ न्यूट्रिनो सापडले, दहा-बारा सेकंदांत पसरलेले. गाभ्याची ऊर्जा अ‍ॅक्सिऑन पळवत असते, तर तो झरा लवकर आटला असता. चोवीस कणांवरून एवढं कळतं, हे मी तेव्हा फळ्यापाशी उभी राहून मैत्रिणींना पुन्हा पुन्हा सांगत होते.

"डार्क स्टार"बद्दलही तू विचारलं आहेस. त्याबद्दल थोडक्यात सांगते. २००८ मध्ये डग्लस स्पॉलयार, कॅथरिन फ्रीस आणि पाओलो गोंडोलो यांनी मांडलं, की विश्वातले सगळ्यात पहिले तारे हायड्रोजनऐवजी डार्क मॅटरच्या ऊर्जेवर तापलेले असू शकतात. नाव काहीही असलं तरी ते काळे नसणार. प्रचंड फुगलेले आणि भरपूर तेजस्वी असणार. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून असे तीन उमेदवार सुचवले गेले. ते नुसत्या लहान आकाशगंगाही असू शकतात. त्यांच्या आणखी स्पष्ट वर्णपटांची वाट बघ, मतं बनवायला घाई नको.


प्रश्न : आकाशगंगेच्या ज्या केंद्राबद्दल एवढं बोलतात, ते पुण्यातून दिसतं का? कुठे जाऊन बघायचं?
(कनिष्ठ महाविद्यालय, वाघोली)

उत्तर : जागा दिसते, केंद्र दिसत नाही. मध्ये धुळीचे एवढे पडदे आहेत, की डोळ्याला दिसणारा प्रकाश तिथून आपल्यापर्यंत पोचत नाही. अवरक्त प्रकाश आणि रेडिओ लहरी पोचतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आपली रेडिओ दुर्बीण आहे, तिनं ते केंद्र ऐकलेलं आहे. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे मोठं प्रदर्शन भरतं. दहावी-बारावीच्या मुलांनी एकदा तरी जावं. तबकडी वळायला लागते तेव्हा तिच्या खाली उभं राहून वर बघा.

डोळ्यांनी ती जागा शोधायची, तर पुणेकरांची एक अडचण आहे. ती उत्तम दिसते जून ते ऑगस्टच्या रात्री, आणि तेव्हा आपल्यावर ढग असतात. म्हणून ऑक्टोबर धरा, पाऊस उघडल्यावर, अमावास्येच्या आसपासचे दिवस. शहराचा उजेड मागे टाकून वेल्ह्याच्या पुढे जा. सात-साडेसातला नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मोबाइल खिशात ठेवा. विंचवाची वळलेली नांगी म्हणजे मूळ नक्षत्र, आणि तिच्या डावीकडे वर धनूमधली पूर्वाषाढा. आकाशगंगेचा पट्टा या दोघांपाशी सगळ्यात रुंद आणि दुधाळ होतो. नांगीच्या थोडं वर, पूर्वाषाढेच्या अलीकडे, जिथे डोळ्याला विशेष काहीच दिसत नाही, तीच ती जागा. नऊच्या सुमारास ती डोंगराच्या कडेला टेकायला लागते, तेव्हा वेळेवर निघा.